डिझेलचं कूळ

आमच्या नाशिकच्या कॉलनीत कुणी नवं राहायला आलं की अण्णा आधी गाव विचारतात, मग नोकरी, आणि तिसरा प्रश्न थेट, "डिझेल कुठल्या कंपनीचं भरता?" उत्तर पटलं नाही तर चहा अर्धा कपच येतो.

अण्णांची बोलेरो बारा वर्षांची. कप्प्यात आरसी बुकाच्या वर लाल वही. तारीख, पंप, लिटर, किलोमीटर. या वहीला काकूंनाही हात लावू देत नाहीत. पंपावर अण्णा दिसले की एक पोऱ्या चहाला निघून जातो. उरलेल्याला आधी "झिरो दाखव", मग "डेन्सिटी किती लिहिलीय?" नोझल कट झालं की, "थांब. फेस बसू दे. आता टाक." मागे हॉर्न वाजत असतात.

मुलगी ठाण्यात दिली आहे, त्यामुळे महिन्याला एक फेरी ठरलेली. जाताना घोटीला टाकी फुल, येताना ठाण्यात फुल. घोटीचं डिझेल ॲव्हरेज देतं १७. ठाण्याचं, वेगळ्या कंपनीचं, जेमतेम १३. "हे बघ," वही माझ्या नाकासमोर धरून अण्णा म्हणतात, "घोटीच्याला कस आहे. ठाण्याचं म्हणजे निव्वळ ताक." टाकीत आधीचं पन्नासेक लिटर असतंच की, असं मी म्हणालो. पण नवं डिझेल आधी जळतं, अशी त्यांची श्रद्धा आहे.

मी एकदा धीर करून म्हणालो, "अण्णा, २०२० पासून सगळ्यांचं बीएस-६. गंधक सगळ्यांत १० पीपीएमच्या आत. साधं डिझेल या कंपन्या एकमेकींच्या डेपोतूनसुद्धा उचलतात. प्रीमियममध्ये काही वेगळं मिसळत असतील, ते सोडा."

"डेपो एक असेल रे. आईबाप एक म्हणून सगळी भावंडं सारखी निघतात का?"

यावर काय बोलणार! शेवटी मी घाट काढला. घोटी समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून वर, ठाणे खाडीकाठी. जाताना कसारा उतरायचा, येताना तोच चढायचा, आणि येताना मुलीने दिलेला तांदूळ, आंब्याच्या पेट्या, शिवाय काकूंची बहीण. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. "घाट सगळ्यांनाच आहे," म्हणाले.

तरी माणूस प्रयोगाला भिणारा नव्हे. पुढच्या फेरीला त्यांनी घोटीत मुद्दाम त्या 'ताकवाल्या' कंपनीच्या पंपावर टाकी फुल केली. मी शेजारी बसलो होतो. ठाण्यात पोचून पुन्हा फुल, फेस बसवून. अण्णांनी भागाकार केला, चष्मा पुसला, पुन्हा केला. १७.२.

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. जिंकलेल्याने तेवढं करावं.

अण्णांनी वहीत आकडा लिहिला, त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या आणि समाधानाने म्हणाले, "बघ, सुधारली की नाही कंपनी!"