आइन्स्टाइनचे विरोधी पक्षनेते

प्रत्येक कट्ट्यावर एक आइन्स्टाइनविरोधक असतो. हे गृहस्थ बहुधा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असतात आणि शबनममध्ये ‘प्रकाश का वाकतो? आइन्स्टाइनची घोडचूक’ ही पदरमोड करून छापलेली पुस्तिका बाळगतात. मुखपृष्ठावर ‘मोफत वितरणासाठी’. मलपृष्ठावर ‘प्रत माहितीसाठी रवाना’ अशी यादी, अगदी नोबेल समितीपर्यंत. पोच एकाच कार्यालयाची आली; ती लॅमिनेट करून घेतलेली आहे.

विषय काढावा लागत नाही. ‘आज ऊन कडक आहे’ म्हटलं की सूर्य आला, आणि सूर्य आला की त्याच्या कडेने जाणारा ताऱ्याचा प्रकाश आलाच. टपरीवरच्या ग्लासात पाणी घेतलं जातं, चमचा बुडतो.

‘कसा दिसतो?’

‘वाकडा.’

‘वाकलाय का पण?’

‘नाही हो.’

‘मग झालं तर! सूर्याभोवती वातावरण आहे, त्यात प्रकाश वाकतो. त्यासाठी अख्खं अवकाश वाकवायचं म्हणजे काय!’

टपरीवाला आता न मागताच चमचा पुढे करतो.

मग १९१९. २९ मेचं खग्रास ग्रहण त्यांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं पाठ. खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर, दुसरी तुकडी ब्राझीलमध्ये सोब्रालला. सूर्य झाकला गेला की त्याच्या आसपासचे तारे जागचे किती सरकलेले दिसतात, ते फोटोंवरून मोजायचं होतं. अगदी सूर्याच्या कडेशी न्यूटनच्या हिशेबाने ०.८७ विकला, आइन्स्टाइनच्या हिशेबाने दुप्पट, १.७५. (विकला म्हणजे एका अंशाचा ३६००वा भाग, एवढ्याशासाठी ही भांडणं.) सूर्याजवळ काळ मंद चालतो एवढंच धरलं तर न्यूटनइतकंच उत्तर येतं. तिथलं अवकाशही वक्र आहे हे धरलं की उरलेलं निम्मं मिळतं. खुद्द आइन्स्टाइनकडून हे निम्मं १९११ साली राहून गेलं होतं, १९१५ साली सापडलं.

‘चार वर्षांत एस्टिमेट दुप्पट!’ काका खूश. ‘आमच्याकडचे कंत्राटदार हेच करायचे. निम्मं मला मान्य आहे, ते न्यूटनचं. उरलेलं वातावरणाच्या नावावर टाका आणि मिटवा.’

त्यांचा हुकमी एक्का म्हणजे सोब्रालची मोठी दुर्बीण. तिचा आकडा ०.९३ आला आणि तो म्हणे दाबला. आला होता खरा; पण उन्हाने आरसा तापला, तारे पुसट उमटले, म्हणून तो बाजूला ठेवला होता. तिथल्याच लहान दुर्बिणीने १.९८ दिले, प्रिन्सिपेने १.६१. १९७९ साली त्या पुसट फोटोंच्या काचा ग्रीनिच वेधशाळेने नव्या यंत्रावर पुन्हा मोजल्या, तर ०.९३चे १.५५ झाले. हे ऐकून काका चष्मा पुसतात. ‘साठ वर्षांनी? साठीत काचेलाही मोतीबिंदू होतो.’

एकदा एक पोरगी भेटली, भौतिकशास्त्राची. ती म्हणाली, ‘काका, १९८९ साली सोडलेल्या हिप्पार्कस उपग्रहाने सूर्याशी काटकोनात दिसणाऱ्या ताऱ्यांचाही प्रकाश तपासला. तोही वळलेला आहे. फक्त ४ सहस्रांश विकला, पण आइन्स्टाइन म्हणतो तेवढाच. हा प्रकाश सूर्यापासून पंधरा कोटी किलोमीटर लांबून आपल्याकडे येतो. तिथे कुठलं आलं वातावरण?’

काकांनी चमचा उचलला, पाण्यात बुडवला, बराच वेळ न्याहाळला.

‘आहे. विरळ आहे.’

पोरगी चिवट होती. म्हणाली, ‘तुमची शंका १९१९ सालीच निघाली होती. एवढा प्रकाश वळवण्याइतकं दाट वातावरण असतं, तर सूर्याला घासून गेलेले धूमकेतू त्यात अडखळले असते. ते अडखळले नाहीत, असं एडिंग्टननेच उत्तर दिलंय.’

आता तरी पुस्तिका शबनममध्ये परत जाईल असं आम्हाला वाटलं. पण काका ताडकन उठले. ‘काय सांगतेस! एडिंग्टनने माझ्या मुद्द्याची दखल घेतली होती?’ चहाचे पैसे त्या दिवशी त्यांनी दिले; कट्ट्यावर हे प्रथमच घडत होतं.

दुसरी आवृत्ती दिवाळीच्या आत आली. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत: ‘ज्या सिद्धान्ताची दखल साक्षात एडिंग्टन यांना घ्यावी लागली!’ धूमकेतूंचा उल्लेख कुठेच नाही. ‘मोफत वितरणासाठी’ गेलंय, तिथे देणगीमूल्य रुपये ५० आलंय.