लागेल कधीतरी

पेठेतला जो वाडा अजून बिल्डरच्या ताब्यात गेलेला नाही, त्यात असा एक भाडेकरू असतोच, की ज्याच्याकडे सगळं आहे पण वेळेला काही सापडत नाही. आमच्या शनिवारातल्या वाड्यात हे पद काकांकडे आहे. दोन खोल्या, खोल्यांपुढचा सज्जा, सज्ज्यातून उतरणारा लाकडी जिना आणि जिन्याखालची मीटरची पेटी, एवढा त्यांचा मुलूख. भाडेपावतीवर फक्त दोन खोल्या आहेत. बाकीचा प्रदेश वहिवाटीनं मिळवलेला.

काकांना साठेबाज म्हणणं अन्यायाचं होईल. साठेबाज भाव चढायची वाट बघतो, काका गरज पडायची वाट बघतात. ‘लागेल कधीतरी’ हे ते इतक्या खात्रीनं म्हणतात, की ऐकणाऱ्याला आपणच उडाणटप्पू आहोत असं वाटायला लागतं. श्रीखंडाचे डबे झाकणांविना, झाकणं वेगळ्या पिशवीत डब्यांविना. तीन पंखे, तिघांत मिळून पाती पाच. एका ट्रान्झिस्टरला चिठ्ठी बांधलेली : ‘बहुधा चालू’. आणि या सगळ्याच्या मुळाशी, अगदी भिंतीला टेकून, एक शिसवी पाट. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा तो वाहत वाहत वाड्याच्या दारात आला. काकांच्या वडिलांनी उचलून ठेवला. ज्याचा असेल तो विचारत येईल म्हणून. वडील गेले, पाट काकांकडे आला. त्यावर आजवर कुणी बसलेलं नाही. दुसऱ्याची वस्तू.

आता, माणसानं आपल्या खोलीत काय ठेवावं हा त्याचा प्रश्न. पण जिना सगळ्यांचा. त्याची रुंदी अडीच फूट. त्यातला दीड फूट काकांच्या गठ्ठ्यांनी आणि पत्र्याच्या डब्यांनी घेतला, की उरलेल्या फुटातून बाकीच्या बिऱ्हाडांनी संसार करायचा. वरच्या मजल्यावरच्या आजी पाय घसरून पडल्या, तेव्हा स्ट्रेचर जिन्याच्या तोंडाशीच अडलं. शेवटी आजींना खुर्चीत बसवून, खुर्ची आडवी-तिरपी करत चौघांनी खाली आणलं. हाड मोडलेल्या त्या अवस्थेतही आजी वाटेत म्हणाल्या, “अहो, तो किटलीचा दांडा आमच्याकडचा दिसतोय.” काका म्हणाले, “तुम्हीच टाकलेला. बऱ्या होऊन या, मग बघू.”

मालक तरुण आहे. कॉम्प्युटरच्या कंपनीत असतो, बाणेरला राहतो, रविवारी वाड्यात येतो. आजोबांनी त्याच्यासाठी वाडा ठेवला आणि वाड्यात काका ठेवले. भाड्याच्या रकमेबद्दल न बोललेलं बरं. कायद्यानं वर्षाला 4 टक्के वाढते, पण मुळात जे काही नाही त्याचे 4 टक्के ते किती! आजींच्या प्रकारानंतर मात्र त्याची झोप उडाली. मीटरच्या पेटीपुढे छातीइतकी रद्दी, पेटीत जुनी वायर, वर सागवानी जिना. ठिणगी पडली तर वरच्यांना उतरायला दुसरी वाटच नाही.

पहिला उपाय त्याच्या चुलत्यानं सुचवला : पाणी तोडा, आपोआप वठणीवर येईल. मालक सुज्ञ, आधी वकिलाकडे गेला. वकील म्हणाले, असलं काही कराल तर तुम्हीच कोर्टात उभे राहाल. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं पाणी-वीज तोडायला मनाई आहे. आधी कळवून जागा बघायला जायचा हक्क मात्र मालकाला आहे, तो वापरा. शेजाऱ्यांना उपद्रव हे जागा खाली करून मागायचं कारण होऊ शकतं, पण त्याला शेजाऱ्यांची साक्ष लागेल.

मालक साक्ष मागत दारोदार फिरला. एकूण एक बिऱ्हाडाला काकांचा त्रास होता आणि एकाही बिऱ्हाडाला तो कोर्टात सांगायचा नव्हता. “आपण कशाला वाईट व्हायचं?” हे आमचं वाड्याचं ब्रीद. शिवाय गॅसच्या नळीची पट्टी रात्री दहाला काकांशिवाय कोण देणार? (मीही साक्ष दिली नाही. माझ्या सायकलचा मडगार्ड त्यांच्याकडे होता.)

मग नोटीस. रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह. काकांनी सही करून घेतली, पाकीट न फोडता एका गठ्ठ्यात सरकवलं. पुढच्या रविवारी मालकानं विचारलं, “काका, नोटीस वाचलीत?” काका म्हणाले, “आली आहे रे. जपून ठेवलीय.” पुढची दुपार दोघं मिळून ती शोधत होते. नोटीस मिळाली नाही. मालकाच्या आजोबांनी काकांच्या वडिलांना धाडलेली एक मिळाली. मजकूर साधारण तोच.

एकदा जबरदस्तीही होऊन गेली आहे, पण ती मालकाच्या वडिलांच्या काळात. काका अक्कलकोटला गेलेले पाहून त्यांनी रद्दीवाला बोलावला आणि सज्जा धुऊन काढला. काका परतले, दोन दिवस जेवले नाहीत, तिसऱ्या दिवशी रद्दीवाल्याकडे जाऊन सगळं चढ्या भावानं परत घेतलं. येताना त्याच्याकडचा एक तराजूही आणला. तेव्हापासून ते गावाला जात नाहीत. एखाद्याच्या पाठीमागे पसारा फेकला की पसारा दुपटीनं वाढतो आणि विश्वास मात्र परत येत नाही, हे मालकाला घरच्याच अनुभवानं ठाऊक होतं. वस्तू टाकताच न येणं हा स्वतंत्र विकार असल्याचं अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी 2013 साली आपल्या यादीत नोंदवलं, हेही त्यानं वाचलं होतं. पण काकांना असं सांगायची हिंमत कोणात होती?

त्याऐवजी त्यानं भीती घालून पाहिली. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये कोलियर नावाचे दोन भाऊ होते, 1947 साली घरातल्या सामानातच मेले. एकाच्या अंगावर गठ्ठे कोसळले. दुसरा आंधळा आणि अंथरुणाला खिळलेला, त्याला खायला घालणारं कोणी उरलं नाही म्हणून तोही गेला. शंभर टनांहून जास्त सामान निघालं, 14 पियानो निघाले. काकांनी सगळं एकाग्रतेनं ऐकलं. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं असावं. म्हणाले, “आणि त्या पियानोंचं काय केलं रे पुढे?”

तिढा सुटला तो वकिलांच्या एका साध्या सूचनेनं. ते म्हणाले, ‘पसारा आवरा’ असं कधी लिहू नका. कोणत्याही माणसाला स्वतःचा पसारा दिसत नाही. काय हलवायचं, कुठून, किती, ते लिहा. तारखेसकट फोटो काढून ठेवा. मालक टेप घेऊन आला. मीटरपुढे तीन फूट मोकळे. जिन्यावर काही नाही, एक खिळाही नाही. सज्ज्यात भिंतीपासून दीड फुटावर पिवळ्या ऑइलपेंटची रेघ. रेघेच्या आत काकांचं राज्य, बाहेर सगळ्यांचं. मग त्यानं हिशेब मांडला. राहत्या घराची जमीन चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरून बांधतात. वर्तमानपत्रं कमरेपर्यंत रचली की तेवढ्याच जागेवर 400 किलोच्या पुढे जातात. आणि हा वाडा तर कुठलाच हिशेब न धरता बांधलेला. काका गप्प झाले. आकडा त्यांना पटतो. मुनिमाची नोकरी केली आहे.

“पण टाकायचं नाही,” ते म्हणाले.

“टाकू नका. द्या.”

इथे मालकानं जी अक्कल दाखवली तिला माझा दंडवत. त्यानं वाड्यात सगळ्यांच्या कानात सांगून ठेवलं, की काकांकडे वस्तू मागा. लागो न लागो, मागा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बिजागरी मागायला गेलो. काकांचा चेहरा काय उजळला म्हणता! इतकी वर्षं रचून ठेवलेल्या त्या ढिगाला आज पहिल्यांदा गिऱ्हाईक आलं होतं. बिजागरीसाठी त्यांनी जिन्यावरचे चार डबे उपसले, चारही सज्ज्यात नेऊन लावले, आणि बिजागरीबरोबर एक कडी दिली, ‘जोडीनं बरी’. दुपारी आजींची सून झाकणं घेऊन गेली. शाळेतली पोरं प्रोजेक्टसाठी गठ्ठेच्या गठ्ठे कात्रणं घेऊन गेली. गरज काढून काढून आम्ही दमलो. पिशवीभर फ्यूजचे किटकॅट मी कशासाठी मागितले ते मलाही सांगता येणार नाही. काका प्रत्येक वस्तूची वहीत नोंद करत. ‘परत’ असा एक रकाना होता, पण त्यात ते काही लिहीत नव्हते.

गणपतीच्या सुमाराला जिना दिसायला लागला. त्याला कठड्याखाली कोरीव वेलबुट्टी आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं. रविवारी मालक टेप घेऊन आला. मीटरपुढे तीन फूट, बरोबर. जिना, बरोबर. पिवळ्या रेघेच्या बाहेर काडीही नाही. मालकानं समाधानानं मान वर केली आणि त्याचा जबडा खाली आला. सज्ज्याच्या तुळईला दोन सायकली, तिन्ही पंखे आणि रद्दीवाल्याचा तराजू उलटे टांगलेले होते.

“काका, हे काय?”

“रेघेच्या बाहेर काही आहे का?”

“अहो, पण तुळई पेलेल का एवढं?”

“ते तू बघायचंस,” काका म्हणाले. “तुळई तुझी. दुरुस्ती मालकाकडे. कलम 14.”