नव्या मोटारसायकलीविषयी अभिप्राय देण्याचा शिरस्ता

पंढरपुरात नवी मोटारसायकल विकत घेण्यास पैसा लागतो, ती चालविण्यास परवाना लागतो, तिच्या पासिंगकरिता सरकारदरबारी कागद गुदरावे लागतात आणि विम्याचा हप्ता भरावा लागतो. तिच्याविषयी अभिप्राय देण्यास मात्र यांपैकी काहीच लागत नाही, आणि बहुधा याच सबबीवर आमच्या गावात गाडी घेणाऱ्यांपेक्षा अभिप्राय देणाऱ्यांची संख्या सदैव वरचढ राहिली आहे. असे असूनही हे शास्त्र अद्याप कोणी लेखनिविष्ट केलेले नाही. जो तो वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकून आणि स्टेशन रोडवरच्या एखाद्या चहाच्या टपरीशी उमेदवारी करून ते आत्मसात करतो, व त्यामुळे नवशिक्यांच्या हातून अक्षम्य प्रमाद घडतात. मध्यंतरी एका होतकरू तरुणाने, नव्या गाडीभोवती जमलेल्या जाणत्या मंडळींसमक्ष, "गाडी चांगली आहे," असे उघड विधान केले. मंडळी क्षणभर स्तब्ध झाली, मग एकाने त्याला स्वखर्चाने चहा पाजला आणि "शोरूममध्ये नोकरीला लागलास का रे?" अशी मायेने चौकशी केली. असे प्रसंग पुन्हा ओढवू नयेत, एवढ्याच हेतूने पुढील कलमे नमूद करीत आहे.

कलम १. अधिकार

अभिप्राय देण्याचा प्रथम अधिकार ज्याने ती गाडी चालविलेली नाही त्याचा. ज्याने चालविली तो साक्षीदार झाला, आणि साक्षीदाराने न्यायासनावर बसू नये हा न्यायशास्त्राचा मूलभूत संकेत आहे. ज्याने ती विकत घेतली तो तर सरळसरळ पक्षकार. दरमहा पाच तारखेला ज्याच्या खात्यातून हप्ता वजा होतो त्याची जबानी निःपक्षपाती कशी मानावी? तेव्हा मालकाने किल्ली मंडळींच्या स्वाधीन करून बाजूला उभे राहावे व विचारल्याखेरीज बोलू नये.

हा अधिकार काही कालपरवाचा नाही. कार्तिकी यात्रेत येथे जो जनावरांचा बाजार भरतो, त्यात खिलार बैलांच्या दावणी आणि खांद्यांच्याही मागे तलवारीसारखी गेलेली शिंगे मिरविणाऱ्या पंढरपुरी म्हशी पाहण्यास जे लोटतात, त्यांतील फार थोडे विकत घेण्यास आलेले असतात. बाकीचे जबडा उघडून दात मोजतात, पाठीवर थाप मारतात, खूर उचलून पाहतात आणि "जनावर बरं आहे, पण..." एवढे बोलून पुढच्या दावणीकडे वळतात, तो "पण" ऐकून मालक अस्वस्थ होतो आणि रुमालाखाली बोटे धरून सौदा करणारा दलाल एक बोट कमी करतो. आज मोटारसायकलीभोवती उभी असलेली मंडळी ही त्याच पारख्यांची नातवंडे होत. पुरावा हवा असेल तर भाषेत आहे. म्हशीपाशी उभे राहून आजोबा जो प्रश्न विचारीत, तोच प्रश्न, एका अक्षराचाही फेरफार न करता, नातू गाडीपाशी उभा राहून विचारतो : "किती देती?" दुधाच्या जागी किलोमीटर आले, वेळेच्या जागी लिटर आला, क्रियापद मात्र दावणीचे दावणीलाच राहिले.

कलम २. स्थळ आणि काळ

परीक्षण गाडी उभी असतानाच करावे. ज्या क्षेत्रीचे दैवत युगानुयुगे कटीवर कर ठेवून उभे आहे आणि धावत येतो तो भक्त, त्या क्षेत्री उभे राहण्याची थोरवी निराळी सांगण्याचे कारण नाही. शिवाय धावत्या गाडीविषयी मत देऊ गेल्यास गाडी पुढे जाते आणि मत मागे राहते. गाडी डबल स्टँडवर लावलेली असावी. अलीकडच्या कित्येक गाड्यांना डबल स्टँडच नसतो, केवळ साइड स्टँड असतो, व त्यामुळे त्या परीक्षकांसमोर काहीशा बेफिकिरीने कललेल्या दिसतात. हा पहिला दोष म्हणून जागीच नोंदवून टाकावा.

काळ सायंकाळचा उत्तम. आषाढीच्या सुमारास गावातले रस्ते वाहनांस बंद होतात आणि पिढीजात मोटारसायकलस्वारही पिशवी खांद्याला लावून चालू लागतो. तथापि अभिप्रायास ते दिवस निषिद्ध समजू नयेत. उलट, प्रतिवाद करण्यास समोर गाडीच हजर नसल्यामुळे त्या पंधरवड्यात दिलेली मते सर्वांत ठाम आणि निर्भेळ असतात, असा अनुभव आहे.

कलम ३. परीक्षेची रीत

प्रथम गाडीला एक प्रदक्षिणा घालावी, हात पाठीमागे बांधलेले असावेत आणि मुद्रा मृत्युपत्र वाचणाऱ्या वकिलाची असावी. दुसऱ्या फेरीत उजव्या हाताची तर्जनी वाकवून तिच्या पेराने टाकीवर टकटक करावे. आमच्याकडचे एक निवृत्त तलाठी भाऊसाहेब यात निष्णात आहेत : ते प्रथम टाकीवर वाजवितात, मग मडगार्डावर, मग पुन्हा टाकीवर, आणि कान किंचित कलता करून, कलिंगड पारखावे तसे ऐकून, डोळे मिटून एकच शब्द उच्चारतात : "पत्रा." त्या शब्दात गेल्या चाळीस वर्षांच्या औद्योगिक अधःपाताचा पंचनामा असतो. मडगार्ड फायबरचे निघाले तर भाऊसाहेब शब्दही उच्चारीत नाहीत. केवळ हात रुमालाला पुसतात.

त्यानंतर मागची सीट तळव्याने दाबून, "सहा महिन्यांत बसणार," असे भाकीत करावे. क्लच दोनदा ओढावा. वाकून मागच्या चाकाकडे पाहावे व साडीगार्डाची चौकशी करावी. मागील चाक निम्मे तरी झाकणारे आच्छादन असावे ही मोटार वाहन नियमांतील तरतूद असल्याने, या प्रश्नाने परीक्षक एकाच वेळी कुटुंबवत्सल आणि कायदेपंडित ठरतो. अखेरीस किक शोधावी. नवीन गाड्यांना बहुशः किक नसते हे परीक्षकास पक्के ठाऊक असते, परंतु ती नाही हे ठाऊक असणे वेगळे आणि इंजिनाच्या बगलेशी हात फिरवून, हरवलेल्या जानव्यासारखी ती शोधून, मग हताशपणे सरळ होणे वेगळे. "बॅटरी उतरली तर?" हा प्रश्न यानंतर आपोआप पडतो आणि त्यास उत्तराची अपेक्षा नसते.

कलम ४. दिवंगतांशी तुलना

हे कलम सर्व शास्त्राचा गाभा होय. नव्या गाडीची तुलना बाजारातील दुसऱ्या नव्या गाडीशी करणे हे शोरूममधल्या सेल्समनचे काम. रसिकाने ती सदैव बंद पडलेल्या गाडीशी करावी. बंद म्हणजे रस्त्यात बंद पडलेली असे नव्हे, तर जिचे उत्पादनच कारखान्याने बंद केले ती.

या दिवंगतांत अग्रपूजेचा मान यामाहाच्या आरएक्स १०० चा. १९८५ मध्ये अवतरलेली ही ९८ सीसीची टू-स्ट्रोक गाडी १९९६ मध्ये अंतर्धान पावली, आणि तेव्हापासून तिचा पिकअप प्रतिवर्षी वाढतच आहे. तिच्या खालोखाल राजदूत ३५०. ही १९८३ साली बाजारात आली, आणि तिचे चरित्र अभ्यासकाने विशेष मनन करण्याजोगे आहे; कारण ती विकत मिळत होती त्या काळात "पेट्रोल फार पिते" म्हणून हिंदुस्थानने तिच्याकडे पाठ फिरविली, आणि दशक संपता संपता ती बंद झाल्याबरोबर त्याच हिंदुस्थानला तिच्यासारखी गाडी पुन्हा होणे नाही असा साक्षात्कार झाला. जिला हयातीत गिऱ्हाईक मिळाले नाही तिला पश्चात वारकरी मिळाले.

बुलेटची गोष्ट किंचित नाजूक आहे, कारण १९५५ साली मद्रासेत तिची जुळणी सुरू झाल्यापासून ती कधी बंदच पडली नाही, आणि जिवंत माणसाचे पुण्यस्मरण करणे अवघड. यावर जाणत्यांनी अशी तोड काढली आहे की गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी होता तोवरचीच बुलेट खरी मानावी. पाय बदलले त्या दिवशी ती वारली, आणि आज त्या नावाने जी हिंडते ती तिची कोणी दूरची नातलग. "फायरिंग ती राहिली नाही, मालक," असे म्हणून उसासा टाकला की पुढे प्रमाणाची गरज उरत नाही.

एखादी दिवंगत गाडी पुन्हा जन्मास आली तर? असाही प्रसंग घडला आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये जावा परत अवतरली. वर्षानुवर्षे तिच्या नावाने डोळे ओले करणाऱ्यांनी ती समोर उभी राहताच पाहिले, की दोन सायलेन्सर आहेत, टाकीचा घाट आहे, पण इंजिन फोर-स्ट्रोक आहे, आणि मैसूरच्या जुन्या जावाची किक दुमडून तिचाच गिअर होत असे, ती युक्ती तर पार लोपली आहे. सबब त्यांनी पुनर्जन्माचा दाखला नामंजूर केला व पूर्वीच्या शोकाकडे ते नव्या उत्साहाने वळले.

कलम ५. आकडे व शासन

आकडे तोंडपाठ असावेत. ते कशाचे हे सांगणे बंधनकारक नाही. तथापि शासनाचे निर्णय मात्र तारखेनिशी फेकावेत. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ लागू झाले, कार्बोरेटर जवळजवळ नामशेष होऊन त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले, आणि थंडीतल्या पहाटे चोक ओढून गाडीचा अनुनय करण्याची जी कला होती ती एका अधिसूचनेने लयास गेली, हे खेदपूर्वक सांगावे. तसेच २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर उतरला व त्यावरील गाड्यांवर ४० टक्के बसला, ही घटना अभिप्रायशास्त्राच्या दृष्टीने युगप्रवर्तक आहे. कारण आजवर जो भेद केवळ रसिकांच्या मनात होता, तो आता सरकारी दप्तरात दाखल झाला, आणि ३४९ सीसीची गाडी घेणारा विवेकी व ३९८ सीसीची घेणारा उधळ्या, असा फैसला हातचा हिशेब न करता देता येऊ लागला.

शोध सर्वस्वी नवा असेल तर परीक्षकाने गडबडू नये. ५ जुलै २०२४ रोजी बजाजने पुण्यात फ्रीडम १२५ ही सीएनजीवर चालणारी गाडी सादर केली, तेव्हा अशी मोटारसायकल जगात प्रथमच निघाली असल्याने तुलनेस कोणी दिवंगत उपलब्ध नव्हते, व काही काळ आमची मंडळी निरुत्तर झाली होती. सीटखाली दोन किलो वायूची टाकी, शिवाय दोन लिटर पेट्रोलची, असा सगळा तपशील ऐकून घेतल्यावर भाऊसाहेबांनी मार्ग काढला. "म्हणजे सिलिंडरवर बसायचं," ते म्हणाले, आणि तहकूब झालेली सभा पूर्ववत सुरू झाली.

कलम ६. एक घातक प्रश्न

कधीकधी एखादा नतद्रष्ट सर्व अभिप्राय शांतपणे ऐकून घेऊन विचारतो, "मग काका, तुम्ही कोणती घेताय?" हा प्रश्न सभ्यतेच्या मर्यादेबाहेरचा असला तरी त्याची उत्तरे तयार असावीत. शेतकऱ्याने "कारखान्याचं बिल निघू द्या," असे म्हणावे. नोकरदाराने "पुढचं मॉडेल येतंय, थांबलोय," असे म्हणावे. दुसरे उत्तर अधिक टिकाऊ, कारण बिल कधी ना कधी निघते, पण पुढचे मॉडेल सदैव पुढेच असते.

कलम ७. ग्रंथकर्त्याची कैफियत

आता प्रस्तुत लेखकाने स्वतःच्या अधिकाराचा दाखला देणे उचित होईल. १९९४ साली हिरो होंडाची स्प्लेंडर बाजारात आली, त्या वेळी मी तिची यथाविधी प्रदक्षिणा करून असा निर्णय दिला होता की ही सायकलला इंजिन बसविलेली वस्तू असून पंढरपूरच्या रस्त्यावर दोन पावसाळे काढणार नाही. निर्णय एकमताने मंजूर झाला. पुढे ती देशात सर्वाधिक खपाची मोटारसायकल झाली, हिरो आणि होंडा विभक्त झाले तरी ती टिकली, आणि आज माझ्या अंगणात एमएच १३ ची जी गाडी उभी आहे ती तीच आहे, हे मी इतके दिवस कोणास विचारू दिलेले नाही.

परवा सायंकाळी आमची मंडळी चारशे सीसीच्या एका नव्या कोऱ्या गाडीला घेरून उभी होती. तिसरी प्रदक्षिणा चालू असता मागून हॉर्न वाजला. एका दूधवाल्याची वाट अडली होती. त्याच्या स्प्लेंडरच्या दोन्ही अंगांना आकड्यांना अडकविलेल्या किटल्या, टाकीवर पेंडीचे पोते, सीटचा रेक्झिन दोरीने बांधलेला. वाट होईपर्यंत काही तरी बोलावे म्हणून त्याने विचारले, "किती देती?"

"तीस," मालक म्हणाला.

दूधवाल्याने त्या गाडीची मागची बाजू, आकाशाकडे उचललेली ती निमुळती सीट, बारकाईने न्याहाळली आणि अत्यंत प्रामाणिक जिज्ञासेने पुसले, "आन् किटल्या कुठं अडकवायच्या?"

कोणी बोलले नाही. त्याने किक मारली, एकाच किकेत गाडी सुरू झाली, आणि किटल्यांचा खुळखुळाट करीत तो गोपाळपूरच्या दिशेने निघून गेला. "याला गाडीतलं काय कळतंय!" असा ठराव लगोलग मांडण्यात आला व त्यास अनुमोदनही मिळाले, परंतु भाऊसाहेब तो आवाज विरेपर्यंत त्या दिशेने कान लावून उभे होते.

"चांगली आहे हो गाडी," मी न राहवून म्हणालो. इतक्या वर्षांच्या लौकिकावर पाणी सोडून म्हणालो.

भाऊसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चांगली आहेच," ते हळूच म्हणाले, "पण कंपनीनं आधी ती बंद करू द्या. मग बोलू."