कडीभाऊ

खामगाव ते जलंब हा रेल्वेचा फाटा बारा-तेरा किलोमीटरचा. आमच्या गल्लीतले कडीभाऊ त्या फाट्याच्या पुढे फारसे गेलेले नाहीत. जलंबला मोठ्या लाइनीची गाडी धरायची असते. तिची वाट बघत बाकावर टेकलं की भाऊंना मागच्या दाराची कडी आठवते. लावली होती का? लावली होती. ओढून बघितली होती का? बघितली होती. पण ओढण्यानंच ती निघाली नसेल कशावरून? मग वहिनींच्या हातात तिकिटं आणि लाडवांचा डबा देऊन भाऊ आल्या गाडीनं परत. भुसावळची लग्नं आणि अकोल्याची बारशी वहिनींनी एकटीनंच उरकली आहेत. आहेर मात्र दोघांच्या नावानं असतो.

कुलूप ओढून बघणारी माणसं गावोगाव असतात. एकदा ओढणारा सावध म्हणायचा, दोनदा ओढणारा संशयी. भाऊ तीनदा ओढतात. पहिल्यांदा उजव्या हातानं, मग डाव्या हातानं, आणि तिसऱ्यांदा दोन पावलं पुढे जाऊन एकदम मागे वळून, कुलूप बेसावध असताना. हयात एका पतसंस्थेच्या रोखपालीत गेली. तिजोरीला दोन किल्ल्या, एक यांच्याकडे आणि एक व्यवस्थापकाकडे, आणि दोन्ही लागल्याशिवाय तिजोरी उघडायची नाही. जगातली सगळी दारं अशीच असायला हवी होती, असं भाऊंचं मत आहे. साऱ्या नोकरीत रोकड कधी कमी भरली नाही. एकदा एक रुपया जास्त भरला होता, त्याचं दुखणं अजून आहे. "कमी भरला तं चोर धुंडता येते," ते सांगतात, "जास्तीचा कुठून आला हे कोनाले इचारावं?"

अशा माणसाच्या घरी २०२४ च्या दिवाळीत पुण्याच्या भाच्यानं एक टॅरंटुला कोळी आणून ठेवला.

भाचा जर्मनीला शिकायला निघाला होता. प्राणी मेक्सिकोकडच्या जातीचा, रेड-नी नावाचा. तळहाताएवढा, काळा, केसाळ, आणि आठही पायांच्या गुडघ्यांवर भगवे पट्टे. भाच्यानं कागद आणले होते, कारण ही जात आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारात आहे आणि असे विदेशी प्राणी घरी असतील तर २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. कागद बघून भाऊंना प्राण्याबद्दल एकदम आदर वाटला. त्यांच्या सख्ख्या चुलतभावाकडेही इतके कागद नाहीत.

"मामा, हा पळणाऱ्यातला नाही," भाचा सांगत होता. "बिळात बसून असतो. आठ-दहा दिवसांनी एक झुरळ. चावला तर गांधीलमाशीइतकं. डिवचला तर मागच्या पायांनी पोटावरचे केस उडवतो, ते तेवढे डोळ्यात जाऊ देऊ नका."

भाऊंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग पेटीभोवती एक चक्कर मारली. ॲक्रिलिकची पेटी, वर सरकतं झाकण, दोन बाजूंना बारीक भोकं, तळाशी नारळाच्या भुशाचा जाड थर.

"याले कडी कुठी हाय?" भाऊंनी विचारलं.

धीर यावा म्हणून भाच्यानं चेन्नईची गोष्ट सांगितली. जुलै २०२१ मध्ये तिथल्या कस्टमनं पोलंडहून आलेलं टपालाचं पार्सल उघडलं, तर आत लहान लहान कुप्यांत चांदीच्या कागदात आणि कापसात गुंडाळलेले १०७ जिवंत कोळी निघाले. सगळे आल्या वाटेनं परत पाठवले. तात्पर्य, चोरून आणणारे वेगळे आणि आपण वेगळे. भाऊंना तात्पर्य ऐकूच आलं नाही. "एकशे सात," ते पुटपुटले, "अन् नुसता कापूस?" मोजणाऱ्या कस्टमवाल्याबद्दल मात्र त्यांच्या तोंडून 'वा' निघालं.

भाच्याचं विमान उडालं आणि भाऊंनी पेटी बदलायला घेतली. आधी माशांची काचेची टाकी आली, वर लोखंडी जाळीचं झाकण. फोटो बघून जर्मनीहून लगोलग फोन आला. जाळीत कोळ्याची नखं अडकतात आणि पाय तुटतो. वर टाकी उंच. जमिनीवर राहणारा कोळी काचेवर चढून पडला तर पोट फुटून मरतो. भुशापासून झाकणापर्यंत त्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त उंची नको. भाऊ म्हणाले, उंची कमी करू, माती भरू. शेतातली काळी माती आणली. ओली होती तोवर शोभली. आठवड्यात वाळून तिला अशा भेगा पडल्या की कोळी घालायच्या आधीच त्याला चार भुयारं तयार. तेवढ्यात भाच्याला कळलं की माती कपाशीच्या वावरातली आहे. ज्या मातीवर वर्षानुवर्षं फवारे पडले त्या मातीत किड्यामुंगीच्या जातीचं काही ठेवायचं नसतं. माती वावरात परत गेली. प्लास्टिकची जाळी आणली तर ती कोळी दातांनी कुरतडतो असं निघालं.

मग भोकांचा प्रश्न. हवा तर हवी, पण कोळी नको. कोळ्याचं पोट दबतं आणि चेपून कुठूनही जातं. दबत नाही ते पुढचं कवच, ज्यातून पाय फुटलेले असतात. भोक त्या कवचापेक्षा लहान हवं, एवढाच हिशेब. आता हा हिशेब ज्या गावात चांदीचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं तिथे अवघड नाही. भाऊंनी ओळखीच्या कारागिराकडून तार ओढायची पोलादी पट्टी आणली, उतरत्या मापाची भोकं असलेली, आणि कोळ्याच्या शेजारी धरून कोणत्या भोकात हा मावेल ते काचेबाहेरून डोळे बारीक करून बघत बसले. कवचाला जे भोक पुरेल त्याच्या खालची तीन मापं सोडून चौथं त्यांनी मुक्रर केलं. त्या भोकातून हवासुद्धा वाकून जात असावी.

शेवटी ट्रंकवाल्याकडून पेटी घडवून घेतली. पत्र्याची, समोर काच, वर बिजागरीचं झाकण, कडी-कोयंडा, दोन कुलपं. एक किल्ली भाऊंकडे, एक वहिनींकडे. पतसंस्थेची शिस्त. म्हणजे झुरळ घालायचं तर दोघंही हजर पाहिजेत. वहिनींनी पहिल्याच दिवशी आपली किल्ली खुंटीला अडकवली. "मले सैपाक हाय. तुमीच दोघं व्हा," म्हणाल्या.

आता भाऊंच्या बंदोबस्ताची जी अडचण आहे ती सांगायला हवी. कुलूप बाहेरून ओढता येतं, पण माल आत आहे की नाही हे ओढून कळत नाही. कोळी दिवसचे दिवस हलत नाही. भुशात बसला की दिसत नाही. डिसेंबरात त्यानं खाणं सोडलं. भाऊंच्या मते न खाणारा माणूस हा निघायच्या तयारीत असतो. आणि एका सकाळी काचेतून दोन कोळी दिसले. एक पाठीवर उताणा पडल्यासारखा, पोकळ. दुसरा त्याच्या शेजारी, ओला आणि चकचकीत. भाऊ मटकन बसले. कमी नव्हे, एक जास्त! दोन कुलपं, चौथ्या मापाची भोकं, आणि तरी बाहेरून एक आत शिरला?

कोळी कात टाकतो, ती पायांच्या टोकापर्यंत आख्खी निघते, हे भाच्यानं फोनवर समजावलं. भाऊंनी चिमट्यानं कात काढली, पाकिटात घातली, पाकिटाच्या तोंडावर आडवी सही केली, आणि वर लिहिलं, 'जास्तीची शिल्लक'.

त्यानंतर भाऊंचा रात्रीचा फेरा सुरू झाला. अकराला बघायचं, दोनला बघायचं, पहाटे बघायचं. बघायचं म्हणजे दोन्ही कुलपं काढायची, झाकण उचलायचं, बॅटरी मारायची. कोळी पाळणारे अनुभवी लोक सांगतात की कोळी भोकातून जातात त्याहून जास्त झाकणातून जातात, आणि झाकण माणसानं उघडलेलं असतं. जानेवारीतल्या एका रात्री दोन वाजता भाऊंनी झाकण उचललं, बॅटरीचे सेल गेले, ते आणायला ते कपाटाकडे वळले, आणि त्याच वेळी वीजही गेली. ती आली तेव्हा पेटी रिकामी होती. झाकण लावून भाऊंनी दोन्ही कुलपं घातली आणि तीनदा ओढून बघितली.

गल्लीत सकाळी बातमी पसरली ती फटफटीएवढ्या कोळ्याची. त्यात वेळ वाईट. शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगण्याकडे लोकांचे केस मुठीमुठीनं जात होते, डॉक्टरांची पथकं येत होती, पाणी तपासत होते. पुढे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. पण आमच्या पारावर सेलेनियम कोणाला कळत होतं? भाऊंचा कोळी केस उडवतो आणि त्याच्या पाठीमागे टक्कल आहे, हे मात्र सगळ्यांनी बघितलेलं. त्यात बावस्कर म्हणजे विंचवाचे डॉक्टर. ते यात पडले म्हणजे भानगड आठ पायांचीच, असा निकाल पानटपरीवर लागला. दोन दिवस भाऊंच्या दारावरून लोक टोपी घालून जात होते.

शोध चालला तो भाऊंच्या पद्धतीनं, म्हणजे लांबून जवळ. भाच्यानं कधीतरी सांगितलेलं होतं की आंध्रातला निळा टॅरंटुला पोकॉक नावाच्या साहेबानं १८९९ साली नोंदवला तो गुत्तीच्या रेल्वे यार्डातल्या लाकडात सापडलेला. त्याचं खरं जंगल नंद्याल-गिद्दलूरकडे शंभरेक किलोमीटरवर, आणि ते कळायला २००१ उजाडलं. भाऊ तडक स्टेशनवर गेले. "जलंबची गाडी गेली काय? त्यात लाकूड होतं काय?" खिडकीतल्या माणसानं त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

मग वाघ आठवला. टिपेश्वरचा वॉकर २०१९ साली निघाला आणि विदर्भ-तेलंगण-मराठवाडा पालथा घालून डिसेंबरात आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला, तो जोडीदाराच्या शोधात, असं वनखात्याचे लोक म्हणत. नर टॅरंटुलाचंही तसंच. वयात आल्याची शेवटची कात टाकली की तो बीळ सोडतो आणि मादी धुंडत मरेपर्यंत फिरतो. भाऊंनी हिशेब मांडला. वॉकरच्या गळ्यात कॉलर होती, याच्या तर तीही नाही. "मंग बुलढाण्याकून जाईन का मेहकराकून?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, भाऊ, आधी पलंगाखाली बघू. ते म्हणाले, तिथं काय पाहाचं, तिथं त कडी नाई.

परिवेशच्या नोंदीचंही त्यांना लागून राहिलं होतं. जन्म कळवायचा, मृत्यू कळवायचा, हस्तांतरण कळवायचं. भिंतीच्या फटीत गेला तर ते हस्तांतरण धरायचं का, आणि कोणाच्या नावे?

या सगळ्या दिवसांत रोज रात्री भाऊ उठत, रिकाम्या पेटीपाशी जात, आणि दोन्ही कुलपं ओढून बघत. वहिनींनी एकदा विचारलंच, "काय हाय आता आतमंदी?"

"आत काई नाई," भाऊ म्हणाले, "म्हणूनच त. बाहेरून काई घुसू नये."

भाच्यानं फोनवर पाकिटाची आठवण केली. कातीच्या पोटाच्या आतल्या बाजूनं नर की मादी ते कळतं. साक्षीला मी होतो. पाकीट फोडलं, कोमट पाण्यात कात मऊ केली, सोनाराचं भिंग मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे धरून फोटो जर्मनीला गेला. उत्तर आलं, मादी. मादी भटकत नाही. अंधार, ऊब आणि जवळची भिंत मिळाली की तिथंच बसते.

हे ऐकल्याबरोबर वहिनी उठल्या. ट्रंकेची पेटी ज्या लाकडी घडवंचीवर होती तिच्यापाशी वाकल्या. पेटीचा तळ आणि घडवंचीच्या फळ्या यांच्यामध्ये दोन बोटांची फट होती, आणि त्या फटीत, भाऊ रोज रात्री ज्या कुलपांना हात घालत त्याच्या बरोबर खाली, भगवे गुडघे पोटाशी घेऊन बाई बसल्या होत्या. वहिनींनी पातेलं उपडं घातलं, कालनिर्णयचं जुनं पान हळूच खालून सरकवलं, आणि भाच्याच्या मूळ ॲक्रिलिकच्या पेटीत तिला सोडून झाकण सरकवलं. कुलूप नाही, कडी नाही. पेटी आता स्वयंपाकघरातल्या फळीवर असते आणि झुरळं वहिनी घालतात.

भाऊंचा प्रश्न मात्र मिटलेला नाही, वाढला आहे. ही जात, मादी असली तर, पंचवीस-तीस वर्षंही जगते, असं कळलं आहे. भाऊ चौसष्टचे. म्हणजे नॉमिनी पाहिजे. सध्या ते गल्लीतली पोरं बघतात. कुलूप-किल्ली हातात देतात, लावायला सांगतात, आणि पोरगं काय करतं ते ओट्यावरून न्याहाळतात. समोरच्या शिंप्याचा मुलगा बराच पुढे गेला होता. मागच्या आठवड्यात तोही बाद झाला.

"पोट्टं हुशार हाय," भाऊ म्हणाले, "पन एकदाच वढते."