गैरसमज दूर झाला

2024 च्या लोकसभेला दिंडोशीच्या मतदाराने केलेल्या कसरतीची दखल कुणी घेतली नाही. दिंडोशी मुंबई वायव्य मतदारसंघात येतं आणि तिथे लढत होती शिवसेना विरुद्ध शिवसेना. शिंदे सेनेचे रवींद्र वायकर यांच्यामागे जोगेश्वरीतल्या हॉटेलच्या बांधकामाचं प्रकरण होतं, ठाकरे सेनेचे अमोल कीर्तिकर यांच्यामागे कोविडकाळातल्या खिचडीवाटपाचं. दोन्ही प्रकरणांत ईडी. कीर्तिकरांचं समन्स तर त्यांची उमेदवारी जाहीर झाली त्याच दिवशी निघालं. तेव्हा मतदाराला निवड करायची होती ती हॉटेल आणि खिचडी यांच्यात. 48 मतांनी हॉटेल जिंकलं. आरोप कुणावरचाही सिद्ध झालेला नव्हता, हे इथेच नोंदवून ठेवतो; माझा मुद्दा आरोपांचा नाही, तारखांचा आहे.

त्या तारखा अशा. सार्वजनिक वापरासाठी राखीव जागेवर हॉटेल उभारताना माहिती दडवल्याचा गुन्हा वायकरांवर सप्टेंबर 2023 मध्ये नोंदवला गेला. फिर्याद खुद्द महापालिकेच्या अभियंत्याची. जानेवारी 2024 मध्ये ईडीचे छापे पडले. 10 मार्चला वायकर ठाकरेंकडून शिंदेंकडे गेले, 4 जूनला खासदार झाले आणि जुलैच्या सुरुवातीला आर्थिक गुन्हे शाखेने न्यायालयाला कळवलं की फिर्याद अपुऱ्या माहितीवर आणि गैरसमजातून दाखल झाली होती. पोलिसांच्या भाषेत याला ‘सी समरी’ म्हणतात. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, तर ए. फिर्याद खोडसाळपणे खोटी, तर बी; त्यात फिर्यादीच गोत्यात येण्याची धास्ती. सी मात्र गुणी बाळ. गुन्हा खराही नाही, खोटाही नाही, वस्तुस्थिती समजण्यात चूक झाली एवढंच. आरोपी सुटतो, फिर्यादी वाचतो, तपास अधिकाऱ्याची मान मोकळी.

यावर कुणी म्हणेल, गैरसमज होऊच शकत नाही का? जरूर होतो. महापालिकेला स्वतःच्याच कागदपत्रांबद्दल गैरसमज होणं हे तर तिच्या लौकिकाला धरूनच आहे. पण मग ज्या कागदाने गैरसमज दूर झाला, तो कागद सप्टेंबरात कुठल्या कपाटात होता आणि जुलैत कुणाला सापडला, एवढं तरी सांगा. ते कुणी सांगत नाही. म्हणून बिचाऱ्या नागरिकाला निष्कर्षाचं कारण कागदपत्रांऐवजी दिनदर्शिकेत शोधावं लागतं.

हे पोलिसांचं झालं, निवृत्त न्यायमूर्तींचे आयोग तरी बरे, असं मानणारा एक वर्ग अजून शिल्लक आहे. त्यांनी ‘आदर्श’ आठवावं. न्या. जे. ए. पाटील आयोगाने एप्रिल 2013 मध्ये अहवाल दिला. कुलाब्याच्या त्या 31 मजली इमारतीच्या निमित्ताने त्यात माजी मुख्यमंत्र्यांवर ताशेरे होते. 1952 च्या चौकशी आयोग कायद्याप्रमाणे अहवाल मिळाल्यापासून सहा महिन्यांत, काय कारवाई केली या टिपणासह, तो विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. तो आला डिसेंबरात, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, आणि सोबतचं टिपण काय, तर मंत्रिमंडळाला अहवाल अमान्य. दिल्लीहून राहुल गांधींनी नापसंती दाखवताच दोन आठवड्यांत तोच अहवाल अंशतः मान्य झाला. मान्य भाग अधिकाऱ्यांच्या वाट्याला, अमान्य भाग पुढाऱ्यांच्या. इतकी काटेकोर वाटणी त्या इमारतीतल्या सदनिकांचीसुद्धा झाली नसेल. आदिवासी विकास खात्याच्या 2004 ते 2009 च्या कारभारावरच्या न्या. गायकवाड समितीचं तर काय सांगावं! 2017 मध्ये अहवाल आला, तेव्हा त्याचा अभ्यास करायला आणखी एक समिती नेमली गेली. त्या काळात खात्याचे मंत्री असलेले विजयकुमार गावित पक्ष बदलून 2022 मध्ये पुन्हा त्याच खात्याचे मंत्री झाले. अभ्यासाला इतकं जवळचं साधन दुसरं कुठलं मिळणार?

सरकारधार्जिणे कायदेपंडित इथे चष्मा सावरतात. आयोग फक्त शिफारस करतो, त्याच्यापुढची साक्ष खटल्यात वापरता येत नाही, शिक्षा देणं न्यायालयाचं काम. हे सगळं बरोबर आहे. पण शिफारस बंधनकारक नाही म्हणून ती दाखवायचीही नाही, असं कायद्यात कुठे आहे? अनिल देशमुखांवरच्या शंभर कोटींच्या आरोपाचा न्या. चांदीवाल यांचा अहवाल एप्रिल 2022 मध्ये सादर झाला. दोन महिन्यांत सरकार बदललं. नव्या सरकारच्या दृष्टीने हा विरोधकांच्या माजी गृहमंत्र्यावरचा अहवाल, म्हणजे खरं तर चौकाचौकांत वाचून दाखवायची चीज. तरीही 2024 च्या विधानसभा निवडणुकीपर्यंत तो सभागृहात आला नाही. अहवाल दडवण्याची कला एकाच पक्षाची नाही, ती राज्याची सामायिक मालमत्ता आहे.

मग आयोग निरुपयोगीच का? तसंही नाही. न्या. पी. बी. सावंत आयोगाने 2005 मध्ये चारपैकी तीन मंत्र्यांवर ठपका ठेवला, आणि तक्रारदार अण्णा हजारे यांच्या न्यासाचा हिशेबही तपासून त्यालाही सोडलं नाही. कुणालाच न आवडणारा तो अहवाल जाहीर झाला आणि दोघांची मंत्रिपदं गेली. त्याआधीचा धडा खुद्द दिंडोशीच्या शेजारातला आहे. इथल्या नागरी निवारा वसाहतीमागे मृणाल गोरे यांच्यासोबत जे उभे राहिले, त्या पी. बी. सामंतांनी आणि सहकाऱ्यांनी सिमेंट वाटपाविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका केली होती. जानेवारी 1982 मध्ये न्या. लेंटिन यांनी भर न्यायालयात निकाल वाचला आणि मुख्यमंत्री अंतुले यांना जावं लागलं. पुढे फौजदारी खटल्याचं जे भिजत घोंगडं झालं ते झालं. पण निकाल आधी मुख्यमंत्र्यांना वाचायला देऊन, आवडला तर जाहीर करा, असं कुणी म्हटलं नव्हतं. आयोगाचं नेमकं तिथेच बिनसतं. नेमणार सरकार, मुदतवाढ देणार सरकार, अहवाल स्वीकारणार सरकार आणि कुलपाची किल्लीही सरकारकडेच.

उपाय एका ओळीचा आहे. सहा महिने उलटताच अहवाल आपोआप जाहीर झाला, असं कायद्यात घालावं. मंत्रिमंडळाचं मान्य-अमान्य मागाहून निवांत चालू द्यावं. खर्च शून्य, जमीन लागत नाही, निविदा काढावी लागत नाही. बहुधा म्हणूनच कुणी मनावर घेत नाही. शिवाय हे विधेयक मांडायचं तरी कुणी? ज्यांच्यावरचे अहवाल दडले ते आणि ज्यांनी ते दडवले ते, पुष्कळदा आता एकाच बाकावर बसतात.