उभ्याने पुनरागमन

परदेशातून येणाऱ्या इंग्रजीच्या शिक्षकाची मातृभाषा इंग्रजीच असली पाहिजे असा चीनच्या सरकारचा दंडक आहे. आणि मातृभाषा कोणती हे शिक्षकाच्या मातेस न विचारता त्याच्या पारपत्रावरून ठरविण्याची तेथील रीत असल्यामुळे, सांगलीबाहेरची कोणतीही भाषा जिने आयुष्यात गांभीर्याने मनावर घेतली नाही अशा एका साध्वीचा हा चिरंजीव, कॅलिफोर्नियात नागरिकत्वाची शपथ घेतल्या क्षणापासून, पूर्वलक्षी परिणामाने आंग्लभाषेच्या उदरी जन्मास आला आहे. निळे पारपत्र, एक पदवी आणि अध्यापनाचा थोडा अनुभव एवढ्या भांडवलावर लांझोऊ येथील एका महाविद्यालयात मी 'परकीय तज्ज्ञ' म्हणून दाखल झालो. प्रश्न राहिला तो चेहऱ्याचा. महाविद्यालयाने छापलेल्या माहितीपुस्तिकेत माझ्या नावाखाली एका सुवर्णकेशी, नीलनेत्र आणि दंतपंक्ती दाखविण्यास उत्सुक अशा गृहस्थाचे छायाचित्र झळकत होते; मी चौकशी केली तेव्हा पालकवर्गाच्या मनात विनाकारण गोंधळ उत्पन्न होऊ नये म्हणून ती तजवीज केल्याचे मला अत्यंत अदबीने सांगण्यात आले.

अशा तज्ज्ञाने उन्हाळ्याची सुटी संपवून पुन्हा नोकरीवर रुजू होण्यासाठी निघणे हा मुख्यतः मालवाहतुकीचा प्रकार असतो. विमान कंपनी तेवीस तेवीस किलोंच्या दोन पेट्या नेण्याची मुभा देते, आणि ती मुभा मजकरिता नसून आपणाकरिताच आहे अशी लांझोऊमधील माझ्या अस्सल अमेरिकन सहकाऱ्यांची दृढ समजूत असल्यामुळे, मे महिन्यापासूनच त्यांच्या याद्या माझ्या टेबलावर येऊन पडू लागतात. एकाला काखेत फासावयाचे सुगंधी द्रव्य हवे असते. दुसऱ्याला तेरा नंबरचे बूट, कारण एवढ्या पावलाची कल्पना लांझोऊच्या दुकानदारांना शिवलेली नाही. तिसऱ्याला शेंगदाण्याचे लोणी, तेही बरण्यांच्या हिशेबाने. चीजची मागणी मात्र मी कायद्यावर बोट ठेवून फेटाळतो, कारण प्रवाशांनी दुग्धजन्य पदार्थ बरोबर आणण्यास त्या देशात मनाई आहे. या साऱ्या सामानाच्या फटीत जी जागा उरते तीत मी माझे मेतकूट बसवतो. या खेपेस एका तपासणी अधिकाऱ्याने ते पुडके उचलून हे काय म्हणून विचारले, तेव्हा त्या पिवळ्या भुकटीचे वर्णन मला चिनी भाषेत करता येईना, आणि कायद्याने जी माझी मातृभाषा आहे तिच्यातही करता येईना; अखेर त्याच्या देखत चिमूटभर खाऊन दाखवून मी आपले निर्दोषत्व सिद्ध केले.

सॅन फ्रान्सिस्कोहून शांघायला विमान तेरा तासांच्या आसपास घेते, आणि वाटेत प्रशांत महासागरावरील वाररेषा ओलांडताना प्रवाशाच्या आयुष्यातला एक वार कोणतीही पावती न देता जप्त करते. शांघाय शहर मी पाहिले. ते उंच आहे.

परदेशी शिक्षकांचे योगक्षेम वाहणारे एक स्वतंत्र खाते चिनी महाविद्यालयांत असते. सर्वजण त्याला वायबान म्हणतात. आमच्या वायबानमधील एका उत्साही तरुणाने शांघायच्या आपल्या एका परिचितामार्फत माझ्या लांझोऊपर्यंतच्या शयनयानाची चोख व्यवस्था केल्याचे पत्राने कळविले होते. परिचिताने स्टेशनाच्या दारात माझ्या हाती लखोटा दिला आणि एखादे सत्कृत्य लपविणाऱ्या सज्जनाच्या चपळाईने तो गर्दीत अंतर्धान पावला. लखोट्यात तिकीट होते. तिकिटावर गाडीचा क्रमांक होता, डब्याचा क्रमांक होता, आणि जेथे शय्येचा क्रमांक असावा तेथे 'आसन नाही' असा स्पष्ट, शासकीय आणि निर्विकार खुलासा होता. अंतर दोन हजार किलोमीटरांहून अधिक. अवधी आजची दुपार, संपूर्ण रात्र आणि उद्याचा बराचसा दिवस. चिनी रेल्वेचा एक नियम तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगा आहे: साध्या डब्यातील आसनाचे जे मूल्य, तेच आसनाच्या अभावाचेही. नैयायिकांनी अभावाला पदार्थ मानले, परंतु त्याला पुरते भाडे आकारण्याचे धैर्य त्यांनाही झाले नव्हते.

याच रेल्वेने प्रौढ प्रवाशास वीस किलो सामान मोफत नेण्याची परवानगी दिली आहे, लहान मुलास दहा, आणि परराष्ट्राच्या वकिलास पस्तीस. मजजवळ सेहेचाळीस होते. मी अमेरिकेचा वकील नव्हतो, आणि एक वकील व एक बालक मिळूनही होत नव्हतो. तरीसुद्धा गर्दीच्या लोंढ्याने मला माझ्या मालासकट फलाटावरून उचलून डब्यात नेऊन ठेवले, त्यात माझ्या इच्छेचा किंवा पायांचा काडीमात्र संबंध नव्हता.

साध्या डब्यात एका अंगास तीन व दुसऱ्या अंगास दोन अशी एकंदर ११८ आसने असतात, आणि सप्टेंबरच्या आरंभी उघडणाऱ्या विद्यापीठांकडे साऱ्या देशाचे तारुण्य एकाच आठवड्यात निघालेले असल्यामुळे आमच्या डब्यात माणसांची संख्या त्याच्या दुपटीकडे झुकत असावी. मधल्या वाटेत लोक घडीच्या तिवयांवर, उपड्या बादल्यांवर आणि एकमेकांच्या वळकट्यांवर बसले होते. माझ्या दोन्ही पेट्या मात्र लग्नघरातील रुसलेल्या व्याह्यांप्रमाणे वाट अडवून बसल्या. आता ही वाट म्हणजे त्या गावाचा राजरस्ता होता. डब्याच्या टोकाला अखंड उकळते पाणी देणारा बंब असतो आणि शेवयांच्या कागदी वाडग्यांत ते पाणी भरून आणण्याचा नित्यनेम प्रत्येक चिनी प्रवासी पाळतो. त्यामुळे उकळत्या वाडग्यांची एक मिरवणूक माझ्या कानाजवळून अखंड जात-येत होती. ती जरा थांबली की विक्रीचा गाडा येई. शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया, पाणी, बिअर यांची नावे एका दमात आळवून शेवटी पाय आत घेण्याची आज्ञा करणारा तो पुकारा चीनमध्ये लहान पोरांनाही पाठ असतो. पाय आत घेणे बसलेल्यांना शक्य होते. मला पाय, पेट्या आणि तेरा नंबरचे बूट अशा क्रमाने सारा संसार एका अनोळखी गृहस्थाच्या मांडीवर हलवावा लागे आणि गाडा गेला की परत घ्यावा लागे. तो गाडा पुढच्या डब्याला वळसा घालून परत येई तेव्हा हाच विधी उलट क्रमाने होई. मध्येच गणवेशातील एक कर्मचारी अवतीर्ण होऊन मोज्यांची विक्री करू लागला. मोजा किती टिकाऊ आहे हे सिद्ध करण्यासाठी त्याने तो ताणला, पिळला, त्यातून तारांचा ब्रश ओढला आणि एक टोक माझ्या हातात देऊन मला ओढावयास सांगितले. मी ओढला. उभ्या माणसास लोक कोणतेही काम सांगतात.

नानजिंगला यांगत्सेवरील पूल आला. तो १९६८ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्यापूर्वी कित्येक वर्षे आगगाडीचे डबे नावेवर चढवून पैलतीरी नेत असत. त्या डब्यांनासुद्धा नावेत जागा मिळत असे, एवढाच विचार माझ्या मनात आला. नदी पाहण्याची दृष्टी तेव्हा शिल्लक नव्हती.

एव्हाना डब्याने माझी चौकशी आरंभली होती. मी अमेरिकन असल्याचे सांगितले तेव्हा एका वृद्धाने माझे पारपत्र मागून घेतले, चष्मा पुसला, आधी पारपत्र आणि मग मला बारकाईने न्याहाळले, आणि दस्तऐवज खरा असून इसम संशयास्पद असल्याचा निर्णय दिला. जन्म भारतातला, हे कबूल करताच मात्र डबा एकदम प्रसन्न झाला. राज कपूरचा १९५१ सालचा 'आवारा' चीनमध्ये प्रथम पन्नासच्या दशकात आणि पुन्हा सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इतका गाजला की त्याचे गाणे येत नाही असा त्या पिढीचा माणूस विरळा. वृद्धाने ते तत्काळ सुरू केले आणि मला साथ करण्याची खूण केली. अमेरिकेच्या त्या तज्ज्ञाने मोज्याचे एक टोक हातात धरून, उभ्याने, साथ केली. त्या सेवेबद्दल भूगर्भशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने अंग चोरून आपल्या आसनाचा चौथा हिस्सा मला बहाल केला.

रात्री साध्या डब्यातले दिवे मालवत नाहीत. शांघायला मुलाकडे नातू सांभाळून आपल्या गावी, तियानशुईला, परतणाऱ्या एक आजी समोर बसल्या होत्या. बराच वेळ त्या मला निरखीत होत्या. "आई कुठे असते तुझी?" त्यांनी विचारले. भारतात, मी म्हटले. "घर?" अमेरिकेत. "आणि नोकरी इथे." त्यांनी ही तिन्ही ठिकाणे बोटांवर मोजली आणि विचारले, "मग तू जेवतोस कुठे?" पारपत्र-खात्यापासून आयकर-खात्यापर्यंत अनेकांनी माझ्या वास्तव्याबद्दल मला प्रश्न विचारले आहेत, पण इतका नेमका कोणीही विचारलेला नाही, आणि त्याचे उत्तर मला देता आले नाही. आजींनी पिशवीतून जुनी वर्तमानपत्रे काढली, आसनाखालच्या जमिनीवर पसरली, आणि मी काही बोलण्यापूर्वी त्या सरपटत आत शिरून आडव्या झाल्या. मी वाकून हात जोडले, विनवण्या केल्या. खालून आवाज आला, की मी बुटकी आहे, मला इथे पाय लांब करता येतात, तुला यायचे नाहीत, बस. मी बसलो. ज्या आसनाखाली एक सत्तरीची बाई झोपली आहे त्यावर झोप येणे अशक्य आहे असे मी पहाटेपर्यंत स्वतःस बजावीत होतो. आणि लगेच गाढ झोपलो, असे शेजाऱ्यांनी नंतर सांगितले.

शिआन उजाडता उजाडता आले. या नगराजवळ १९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना मृत्तिकेचे सैन्य सापडले, त्यातले बहुसंख्य वीर बावीसशे वर्षांपूर्वी उभेच घडविलेले आहेत. त्यांच्याविषयी मला प्रथमच व्यक्तिगत सहानुभूती वाटली. परंतु फलाटाकडे पाहताना आठवण झाली ती ह्युएन त्संगाची, कारण याच नगरीत, इ. स. ६४५ मध्ये, तोही परदेशातून असाच सामानाने वाकून परतला होता. त्याच्या घोड्यांवर ६५७ ग्रंथ होते, वाटेत सिंधूच्या पात्रात काही पोथ्या वाहून गेल्या तरीही. आणि ते ठेवण्यासाठी पुढे ६५२ मध्ये येथे एक मनोरा उभारण्यात आला. माझ्या शेंगदाण्याच्या लोण्यासाठी कोणी मनोरा उभारील अशी चिन्हे नव्हती. तथापि हा सज्जन पुलकेशीच्या राज्यातून हिंडून गेला होता आणि महाराष्ट्रातील लोक उपकारकर्त्याशी कृतज्ञ व अपमान करणाऱ्याशी निष्ठुर असतात असा अभिप्राय त्याने नोंदवून ठेवला आहे. त्या अभिप्रायाची लाज राखणे आता माझ्याकडे आले. पैकी कृतज्ञतेचा भाग मी तियानशुईस उरकला: पेटी उघडून लोण्याची एक बरणी आजींच्या पिशवीत घातली. त्यांनी ती काढून हुंगली, किंमत विचारली, आणि ती ऐकून, शेंगदाण्याला एवढे पैसे देणाऱ्या मुलाला अमेरिकेने नागरिकत्व कसे दिले या अर्थाचे काहीतरी तोंडातल्या तोंडात पुटपुटत त्या उतरल्या. बरणी मात्र नेली.

निष्ठुरतेचा भाग लांझोऊस राखून ठेवला होता. पीतनदी तशीच पिवळी होती, १९०९ सालचा लोखंडी पूल जागच्या जागी होता. मी दोहोंकडे न पाहता सुजलेल्या पावलांनी थेट वायबानमध्ये गेलो. तेथील तरुणाने माझे इतक्या निर्व्याज आनंदाने स्वागत केले, चहा ओतला, चोवीस तासांच्या आत पोलीस ठाण्यात माझी नोंद करण्याचा कागद आधीच भरून ठेवल्याचे सांगितले, की शिआनपासून जमवीत आणलेले माझे सारे कठोर शब्द विरून गेले. मग त्याने प्रवासखर्चाचा अर्ज पुढे केला आणि आसनक्रमांकाचा रकाना रिकामा सोडल्यास हिशेबखाते मंजुरी देत नाही असे बजावले. मी लिहिले: भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्याचे एक चतुर्थांश, संध्याकाळी, आजींचे संपूर्ण, रात्री, बाकी स्वतःच्या पेटीवर. हिशेबनीसाने तो मजकूर दोनदा वाचला, यंत्रावर बेरीज केली, ती सव्वा आली. सव्वा आसनाचा परतावा नियमात बसत नव्हता, आणि रकान्यात अपूर्णांक बसत नव्हता. सबब त्याने वरचा पाव छाटून 'एक' असा आकडा घातला, शिक्का मारला आणि रक्कम पुढील पगारात जमा होईल असे आश्वासन दिले. पुढील पगार झाला, त्याच्या पुढीलही झाला. रकमेचा अद्याप पत्ता नाही, आणि आमच्या लोकांविषयी ह्युएन त्संगाने काय लिहून ठेवले आहे हे मी हिशेबखात्यास तीन पानी अर्जाने कळविले आहे.