द्या इकडे!

माझ्या अंगच्या अनेक गुणांपैकी फोनचं ज्ञान हा एकच गुण सांगलीने मान्य केला आहे. तोही आमराईत सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींपुरता. पण जिथे माझ्या चारोळ्यांना आयुष्यभर कुणी विचारलं नाही, तिथे "सेटिंग्जमध्ये जा" एवढ्यावर लोक बाकावर सरकून जागा करून देऊ लागले, तर नाही म्हणणारा मी कोण?

माझी पद्धत ठरलेली आहे. समोरच्याने फोन पुढे केला की लगेच बघायचं नाही. आधी चष्मा काढायचा, पुसायचा, पुन्हा घालायचा. मग "किती दिवस होतंय असं?" म्हणून विचारायचं. तेवढ्यात मला उपाय आठवतो, नाहीतर फोन आपोआप बरा होतो. श्रेय दोन्हीकडून माझंच.

उपाय बहुतेक फोनमध्येच असतात. वेगळं ॲप घ्यावं लागत नाही, पैसे पडत नाहीत, आणि हेच कुणाला पटत नाही. निम्मा कट्टा हात लांब करकरून मेसेज वाचत होता. 'डिस्प्ले'मध्ये जाऊन अक्षर मोठं करता येतं हे दाखवलं, तर एकजण हिरमुसून म्हणाले, "मग मी हा चष्मा उगाच बदलला?" औषधाच्या पट्टीवरची मुदत वाचायची असेल (ती छापलेली असते नेमकी आपण गोळी फोडतो त्या कोपऱ्यावर), तर तिचा फोटो काढून तो दोन बोटांनी ताणावा. दुपारच्या झोपेला 'डू नॉट डिस्टर्ब' आहेच. त्यात एकाच नंबरवरून पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजू देण्याची सोय असते. खरी अडचण असलेला माणूस लगेच दुसऱ्यांदा करतो. कर्ज देऊ करणारे दर वेळी नव्या नंबरवरून करतात.

आणि शोकसभेत फोन वाजला तर तो खिशातून काढायचा नसतो. काढेपर्यंत लावणीचं अख्खं कडवं होतं. खिशावरूनच आवाजाचं बटण दाबावं. वाजणं थांबतं, कॉल तुटत नाही, आणि आपण शेजारच्याकडे रागाने बघायला मोकळे.

बोलून मराठी टाइप करण्याची सोय गूगलने 2017 साली आणली. आमराईत ती मी आणली. माइकची खूण दाबली की घरातल्यांनी गप्प बसायचं, एवढं सांगायचं राहिलं, आणि एका गृहस्थांचा मेसेज ग्रुपवर असा गेला : 'भावपूर्ण श्रद्धांजली अहो दूध बघा ईश्वर मृतात्म्यास शांती देवो गेलं उतू'. खाली चौदा जणांनी हात जोडले होते.

आता आमच्या कट्ट्यावरच्या बापूंचा फोन. हे जरा लांबेल, पण माझ्या कारकिर्दीतलं हे एकच प्रकरण मी पाहुण्यांनाही ऐकवतो.

बापूंचा फोन एके सकाळी बोलायला लागला. ज्याला हात लावावा ते मोठ्याने वाचायचा. "बॅटरी, चाळीस टक्के." "सुरू करण्यासाठी दोनदा टॅप करा." एकदा टॅप केलं तर नुसतं नाव सांगायचा, काम करायचा नाही. पान वर सरकवावं तर सरकायचं नाही. बापूंनी आधी घरी दाखवलं. घरी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. "द्या इकडे!" फोन हातातून जातो, कुणाची तरी बोटं चार सेकंद फिरतात, फोन परत येतो. "झालं." काय झालं, कशाने झालं, उद्या पुन्हा झालं तर काय करायचं, हे विचारलं की कपाळाला आठी. या पोरांना आपण मांडीवर बसवून घड्याळ शिकवलं. लहान काटा कुठे, मोठा काटा कुठे, पुन्हा सांग, चुकलं, परत सांग. कंटाळा आला म्हणून काटे स्वतः फिरवून "झालं" म्हटलं नाही. त्यांना आपल्याला एक बटण दाखवायला सवड नसावी, याचा मला राग येतो. थट्टेत घालवण्याइतका तो लहान नाही. म्हणून आमच्या कट्ट्याचा नियम मीच केला आहे : फोन ज्याचा, बोट त्याचं.

घरून नीट होऊन आलेला बापूंचा फोन दोन दिवसांत पुन्हा बोलू लागला, तेव्हा ते माझ्याकडे आले. भोवती सातआठ जण उभे. मी चष्मा पुसला, घातला आणि म्हणालो, "द्या इकडे!"

मी एका बोटाने पान सरकवू लागलो. फोन एकेक ओळ पुढे जात सगळं वाचू लागला. लाइटबिल वाचलं. मेहुण्याने उसने मागितलेले पैसे वाचले. मग बँकेचा मेसेज लागला आणि बापूंच्या बचत खात्यातली शिल्लक पैशांसकट साऱ्या आमराईला कळली. कट्ट्यावरचे दोघे त्या दिवसापासून बापूंशी 'अहो बापू' करून बोलतात. मी फोन बंद करून बघितला. चालू झाल्यावर त्याने आधी वेळ सांगितली.

पलीकडच्या बाकावरून आवाज आला, "आवाजाची दोन्ही बटणं एकदम धरा. तीन सेकंद." शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले आमचे सर. त्यांना दिसत नाही. "आणि तुम्ही नका धरू. बापूंच्या हातात द्या."

बापूंनी धरली. फोन गप्प झाला.

सदऱ्याच्या खिशात चष्म्याच्या घराशेजारी फोन दाबून बसवला की ती दोन बटणं दाबली जातात, हे मग उलगडलं. चालू करू का, म्हणून फोनने विचारलंही असणार. पण कुणाला नाही म्हणणं बापूंच्या स्वभावातच नाही.

या सोयीचं नाव टॉकबॅक. आमच्या लेखी तो बिघाड होता. सर तो दिवसभर वापरतात. त्यांनी त्यांचा फोन दाखवला. पडदा काळाकुट्ट. उजेड कशाला जाळायचा, म्हणून पडदा झाकायची सोय त्यातच आहे. बोलण्याचा वेग इतका वाढवलेला की आपल्याला नुसती खरखर ऐकू येते. सर त्यातून बातमी ऐकून वर तिच्यावर टीका करतात. एक बोट उजवीकडे ओढलं की पुढची गोष्ट, डावीकडे ओढलं की मागची, दोनदा टॅप केलं की ती उघडते, आणि पान सरकवायचं ते दोन बोटांनी. माझं तिथेच अडलं होतं.

"पूर्वी कुणाला सवड असेल तेव्हा पेपर ऐकायला मिळायचा," सर म्हणाले. "वाचणारा उपकार करतोय म्हटल्यावर अग्रलेख शेवटपर्यंत ऐकावा लागायचा. आता मी निम्म्यात सोडतो."

मी विचारलं, त्रास कशाचा होतो? काही ॲपमधल्या बटणांना करणाऱ्यांनी नावच दिलेलं नसतं, तिथे फोन नुसतं 'बटण' म्हणतो. ते पैसे भरायचं की रद्द करायचं, दाबल्याशिवाय कळत नाही. आणि दुसरा त्रास आमच्या ग्रुपचा. सकाळी सूर्य, गुलाब आणि सुविचार एका चौकटीत घालून जे येतं, ते सरांच्या फोनला फक्त 'फोटो' असतं. फोटो, फोटो, फोटो. त्यातून मरणाची एखादी बातमी तरी कुणी अक्षरांत लिहिली आहे का, हे ते शोधत बसतात.

मी माझ्या चारोळ्या ग्रुपवर चित्रातच पाठवतो. मागे चंद्र, वर वळणदार अक्षरं, खाली उजव्या कोपऱ्यात माझं नाव. म्हणजे सरांनी त्यातली एकही वाचलेली नव्हती. मी हळहळलो आणि एक तिथेच म्हणून दाखवली. सरांनी ती पूर्ण ऐकून घेतली. मग म्हणाले, "ही लिहून पाठवा. वेग वाढवून ऐकतो."

आमराईत येणं ज्यांना जमणार नाही, त्यांनी एवढं करा. सेटिंग्जमध्ये सुरक्षितता आणि आणीबाणी अशा नावाचं पान बहुतेक फोनमध्ये असतं. त्यात रक्तगट, चालू औषधं आणि जवळच्या एका माणसाचा नंबर भरा, आणि फोन लॉक असतानाही ते दिसू दे, अशी परवानगी द्या. रस्त्यात चक्कर आली तर उचलणाऱ्याला तेवढंच लागतं. स्वतःला जमत नसेल तर घरातल्या कुणाला शेजारी बसवा, पण बोट तुमचं ठेवा. आणि सकाळचा नमस्कार अक्षरांत लिहा. आमच्या सरांसारखं कुणी तुमच्याही ग्रुपवर असेल. चारोळ्यांचं मी बघतो.